अमेरिकेत बदकांच्या शिकारीला हातगाडी का लागते?

पहाटेच्या अंधारात, डोक्याला बॅटरी लावून शिकारी चिखलातून घसरगाडी ओढत निघतात. तिच्यात काय असतं? बंदूक, काडतुसं आणि डझनावारी नकली बदकं. ती तरंगताना पाहून खरी बदकं खाली उतरतात.

मग मोटार का नाही? अनेक सरकारी पाणथळ जागांत वाहन पार्किंगलाच सोडावं लागतं. पक्षी बिथरू नयेत, जमीन उखडू नये म्हणून. बांधावर चाकाची गाडी चालते; चिखलात चाकं रुततात, तिथे सपाट तळाची घसरगाडीच कामाची.

पण इथेच पेच आहे. १६ वर्षं पूर्ण झालेल्या शिकाऱ्याला २५ डॉलरचा ‘डक स्टॅम्प’ घ्यावाच लागतो. १९३४ पासून त्याच पैशातून पाणथळ जागा राखल्या जातात. ओझं न झेपणारे वयस्कर शिकारी घरी बसले, तर हा निधीही आटेल.