सलाईनच्या बाटलीआधी

‘अशक्तपणा आलाय, हातपाय गळून जातात, कामात मन लागत नाही’ ही तक्रार जालना जिल्ह्यातील दवाखान्यांत इतकी नित्याची आहे की तिच्यावरचा उपायही नित्याचाच होऊन बसला आहे: एक सलाईन, त्यातून ब-जीवनसत्त्वांचे इंजेक्शन आणि महिनाभराचे टॉनिक. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे फार तर १०० किलोकॅलरी. घरच्या एका भाकरीतून याहून अधिक ऊर्जा मिळते आणि मिठाच्या सलाईनमध्ये तर ती मुळीच नसते. तरीही रुग्णाला बरे वाटते, हे नाकारून चालणार नाही.

जीवनसत्त्वे आणि खनिजे स्वतः ऊर्जा देत नाहीत. अन्नातली ऊर्जा पेशींच्या कामी यावी म्हणून ज्या रासायनिक क्रिया घडतात त्यांना ती लागतात. लोहाचे काम रक्तातील प्राणवायू वाहून नेण्यापुरते नाही, तर पेशींमधील तंतुकणिकांत ऊर्जा तयार करणाऱ्या प्रथिनांना आणि मेंदूत डोपामिन घडवणाऱ्या विकरालाही ते आवश्यक असते, त्यामुळे हिमोग्लोबिन उतरण्याआधीच, केवळ शरीरातील साठा आटला तरी थकवा जाणवू शकतो. हा साठा फेरिटिन या प्रथिनाच्या रक्तातील पातळीवरून कळतो, मात्र अंगात जंतुसंसर्ग वा दाह असेल तर ती पातळी फसवी वाढलेली दिसते. फ्रान्समध्ये झालेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रक्तक्षय नसलेल्या, पण कमी फेरिटिन असलेल्या थकलेल्या स्त्रियांना रोज ८० मिलिग्रॅम लोह १२ आठवडे दिले, तेव्हा थकव्याचा गुणांक सुमारे ४८ टक्क्यांनी घटला. औषधाविना नुसती गोळी घेतलेल्या स्त्रियांतही तो सुमारे २९ टक्क्यांनी घटला होता. टॉनिकच्या लौकिकाचा बराचसा भाग या दुसऱ्या आकड्यात दडलेला असावा.

सगळा मात्र नव्हे, कारण ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव महाराष्ट्रात खरोखरच व्यापक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चालवलेल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक गर्भवतींमध्ये ब-१२ कमी आढळले, आणि ज्या मातांमध्ये ते फारच कमी होते त्यांची मुले पुढे लक्ष आणि तात्कालिक स्मृतीच्या काही कसोट्यांत मागे पडलेली दिसली. २०१६ ते २०१८ या काळातील राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणानुसार देशातील १० ते १९ वयोगटात ब-१२च्या उणिवेचे प्रमाण ३१ टक्के होते. ब-१२ हे मांस, अंडी, दूध अशा प्राणिज पदार्थांतूनच मिळत असल्याने भाकरी-वरण-भाजीवर जगणाऱ्या आणि दूध डेअरीला घालणाऱ्या घरांत ते कमी पडणे स्वाभाविक आहे. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत त्याचे शोषणही घटते.

अडचण निदानात आहे. लोहाच्या कमतरतेत तांबड्या पेशी लहान होतात, ब-१२च्या कमतरतेत मोठ्या, आणि दोन्ही एकत्र असल्या तर सरासरी आकार नेमका सामान्य येतो; अशा वेळी पेशींच्या आकारातील वाढलेली तफावत, रक्ताचा लेप, बोटांच्या पेरांवरचा काळेपणा आणि पायांतील मुंग्या यांकडेच पाहावे लागते. इंजेक्शन आधी आणि तपासणी नंतर, असा उलटा क्रम लागला की ब-१२ची पातळी वर गेलेली दिसते आणि मूळ कारण हातचे निसटते. शासनाच्या लोहगोळीत फॉलिक आम्ल असते, ब-१२ नसते; फॉलिक आम्लाने ब-१२च्या उणिवेतला रक्तक्षय सुधारला तरी मज्जातंतूंची हानी सुरूच राहू शकते, त्यामुळे ‘हिमोग्लोबिन वाढले’ एवढ्यावर वृद्ध रुग्णाची फाईल मिटवणे धोक्याचे ठरते. म्हणून गोळीला नावे ठेवावीत असे मुळीच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या अंबड-घनसावंगीकडच्या गर्भवतीला १८० दिवसांच्या गोळ्यांतील उरलेल्या गोळ्या निघतानाच मिळाल्या का, हा प्रश्न कोणत्याही टॉनिकपेक्षा महत्त्वाचा आहे.

आहाराचा सल्ला देताना ‘पालेभाज्या खा’ एवढे म्हणून भागत नाही. बाजरीत लोह असते, पण तिच्यातील फायटेट ते अडवते आणि जेवणालगतचा चहा आणखी अडवतो, तर क जीवनसत्त्व शोषण वाढवते; भौगोलिक मानांकन मिळालेली मोसंबी ज्या जिल्ह्यात पिकते तेथे जेवणासोबत मोसंबी वा लिंबाची फोड आणि चहा तासाभराने, हे सांगणे अवघड नाही. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील १२ ते १६ वर्षांच्या निवासी विद्यार्थ्यांना अधिक लोहाच्या बाजरीची भाकरी व शेव सहा महिने दिल्यावर, सुरुवातीला लोह कमी असलेल्यांची उणीव भरून निघण्याचे प्रमाण साध्या बाजरीच्या गटापेक्षा सुमारे १.६ पट होते, आणि लक्ष व स्मरणाच्या कसोट्यांतही ती मुले सरस ठरली. ‘धनशक्ती’ हे असेच वाण राज्यात शिफारशीत आहे. बियाण्यांच्या धंद्यासाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या जालन्यात, आश्रमशाळेच्या किंवा वसतिगृहाच्या कोठीत कोणती बाजरी येते, हे तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याने एकदा विचारायला हरकत नाही.