दिवाळे त्यांनी काढले, फेडायचे कोणी?

‘राजकारणी सगळे सारखेच चोर’ असे म्हणून आपण मोकळ्या होतो. या वाक्यात राग आहे, पण हिशोब नाही. आणि बिनहिशोबी राग सत्तेवर बसलेल्यांना चांगला परवडतो. शेजारच्या श्रीलंकेत काय झाले ते पाहा.

२०१९ च्या नोव्हेंबरमध्ये गोटाबाया राजपक्षे राष्ट्राध्यक्ष झाले आणि लगेच व्हॅट १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. तिजोरी आटली. कोविडने पर्यटन बंद पाडले. २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात थांबवली आणि भाताचे पीक पडले. एप्रिल २०२२ मध्ये सरकारने परदेशी कर्ज फेडता येत नाही म्हणून हात वर केले. हे चालू होते तेव्हा २२५ जणांच्या संसदेत बायका होत्या १२. गॅस आणि रॉकेलच्या रांगेत मात्र त्यांना भरपूर जागा होती. सप्टेंबर २०२२ मध्ये कोलंबोतली महागाई सत्तर टक्क्यांच्या आसपास गेली, खाण्यापिण्याच्या वस्तूंची तर पंच्याण्णवच्या.

आता विचारा, या देशाला डॉलर मिळवून देते कोण? डोंगरात चहाची पाने खुडणारी तमिळ मजूर बाई, कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर बसलेली मुलगी आणि आखाती देशात दुसऱ्याचे घर सांभाळणारी आई. अल्पवयात सौदीत कामाला गेलेल्या एका श्रीलंकन मुलीचा २०१३ साली तिथे शिरच्छेद झाला. त्यानंतर परदेशी घरकामाला जाणाऱ्या बायकांसाठी किमान वय २३ आणि सौदीसाठी २५ ठरवले गेले. जून २०२२ मध्ये, डॉलर संपल्यावर, ते २१ वर आणले. नेत्यांनी केलेला खड्डा बुजवायला आणखी कोवळ्या मुली पाठवायच्या, ही त्यांची अर्थनीती!

लोक पेटले. ९ जुलैला राष्ट्राध्यक्षांच्या निवासात शिरले, चार दिवसांनी राजपक्षे देश सोडून पळाले. ‘२२५ चे २२५ घरी जा’ अशी घोषणा होती. घरी कोणीच गेले नाही. २० जुलैला त्याच संसदेने १३४ मतांनी रनिल विक्रमसिंघे यांना निवडले. त्यांच्या पक्षाचे संसदेत ते एकटेच खासदार! दोन दिवसांनी पहाट व्हायच्या आत सैन्याने आंदोलनाची जागा मोडून काढली.

आणि मग वसुली सुरू झाली. २०२३ मध्ये नाणेनिधीशी सुमारे तीन अब्ज डॉलरचा करार झाला. देशांतर्गत कर्जाची फेररचना करताना कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीला कमी व्याजाचे रोखे घ्यायला लावले; न घेतल्यास जादा कराची तलवार होतीच. बँकांकडच्या रोख्यांना हात लावला नाही. म्हणजे शिवणयंत्रावरच्या बाईच्या म्हातारपणाची पुंजी कापली. जानेवारी २०२४ पासून व्हॅट १८ टक्के झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजपक्षे बंधूंसह अनेकांना या संकटासाठी जबाबदार धरले. शिक्षा? अर्जदारांना दाव्याच्या खर्चापोटी दीड लाख रुपये.

२०२४ मध्ये मतदारांनी जुन्या घराण्यांना घरी बसवले. संसदेतल्या बायका वीसच्या वर गेल्या, हरिणी अमरसूरिया पंतप्रधान झाल्या. आनंद आहेच. पण जगातली पहिली महिला पंतप्रधान याच देशाने १९६० साली दिली होती, हेही विसरू नये. खुर्चीत बाई बसली म्हणून कर्जाचा बोजा आपोआप दुसऱ्याच्या खांद्यावर जात नाही. त्या सरकारनेही नाणेनिधीचा करार पुढे चालवला.

म्हणून मैत्रिणींनो, नुसता वैताग पुरे झाला. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्या ‘सगळे चोर’ एवढेच ओरडत नव्हत्या. धान्य, तेल, रॉकेल कोणत्या भावाने आणि कुठे मिळणार, हे त्या मंत्र्यांना विचारत होत्या. आपल्या गटाच्या बैठकीत अर्थसंकल्प वाचायला घ्या. कर कोणाचा माफ झाला? कर्ज कशासाठी काढले? फेडताना कोणाच्या निधीला हात लागणार? उत्तर मिळेपर्यंत आमदार-खासदारांच्या दारातून हलू नका.