मुलाखतीचा अभ्यास गावाकडे आहे

राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली. लेखीचे १,७५० आणि मुलाखतीचे २७५ गुण. जुन्या पद्धतीत ८०० गुणांच्या लेखीनंतर १०० गुणांची मुलाखत असे. म्हणजे एकूण गुणांतला मुलाखतीचा वाटा अकरा टक्क्यांवरून साडेतेरावर गेला. मुख्यचा निकाल लागला की पुण्याच्या पेठांत मॉक इंटरव्ह्यूसाठी धावपळ सुरू होते, ती यामुळे आणखी वाढणार. ही धावपळ चुकीच्या दिशेने चालली आहे, असं मला मनापासून वाटतं.

‘प्रशासनात का यायचंय?’ या प्रश्नाला ‘समाजासाठी काही करायचंय’ हे पाठ केलेलं उत्तर मुलाखत मंडळाने त्याच दिवशी आधीच्या उमेदवारांकडून ऐकलेलं असतं. मुलाखतीतले बरेच प्रश्न निघतात ते तुम्ही भरलेल्या अर्जातून. जिल्हा, पदवीचा विषय, छंद, आईवडिलांचा व्यवसाय, पदांचा पसंतीक्रम, सगळं तुमच्याच हाताने लिहिलेलं असतं.

समजा, गाव सांगोला तालुक्यातलं आणि वडिलांचा व्यवसाय शेती. मग डाळिंबाचा विषय निघणारच. बहार कोणता धरता, मृग, हस्त की आंबे? तोच का? तेल्या रोग आला तेव्हा बाग ठेवली की काढली? विम्याचे पैसे मिळाले का, आणि नसतील तर कुठे अडले? चार-पाच वर्षं पुण्यातल्या अभ्यासिकेत काढलेल्या मुलाला नीती आयोगाच्या निर्देशांकातला राज्याचा क्रमांक तोंडपाठ असतो, पण घरच्या बागेचं पाणी यंदा कधी तोडलं हे माहीत नसतं. दोष त्याचा नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की हाही अभ्यास आहे.

पसंतीक्रमात तहसीलदार वर लिहिणाऱ्यांना तर माझं आग्रहाचं सांगणं आहे. आजोबा वारल्यावर तुमच्या घरची वारसनोंद कशी झाली, ते विचारून घ्या. तलाठ्याने फेरफार गाव नमुना सहामध्ये कधी घेतला, नोटिसा कुणाकुणाला गेल्या, कुणी हरकत घेतली का, मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायला किती दिवस लावले, आणि सातबाऱ्यावर आत्याचं नाव लागलं की तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतलं? हे शेवटचं विचारताना घरात अवघडलेपण येईल. येऊ द्या. महसूल खातं, वारसा कायदा आणि बाईचा जमिनीवरचा हक्क एकाच कागदावर समजतो, आणि त्यावरचं तुमचं मत कुठल्याही क्लासच्या नोट्समध्ये सापडणार नाही.

भाषेचं ओझं मात्र उतरवून ठेवा. मुलाखत मराठीतून देता येते. गावाकडचा हेल म्हणजे उणीव नव्हे. आपल्या शाळेतल्या सरांशी बोलता तशी नीट, शांत मराठी पुरते. येत नसेल तिथे ‘माहीत नाही, सर’ म्हणावं आणि थांबावं. अंदाजाने दिलेल्या उत्तरावर पुढचे तीन प्रश्न येतात.

मंडळ मनासारखं मिळेल का, ही धास्ती खोटी नाही. समोरासमोरच्या परीक्षेत मनमानीला जागा असते. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली अजय हासिया प्रकरणात, महाविद्यालयीन प्रवेशाच्या संदर्भात, तोंडी परीक्षेला १५ टक्क्यांहून जास्त गुण ठेवणं मनमानीचं ठरवलं. केंद्र सरकारने तर १ जानेवारी २०१६पासून गट ‘क’ आणि अराजपत्रित गट ‘ब’च्या पदांसाठी मुलाखतीच बंद केल्या. राजपत्रित पदांना त्या राहिल्या आहेत आणि राहाव्यात, असं माझं मत आहे. उद्या दुष्काळात टँकर कुठे पाठवायचा हे ठरवणाऱ्याला समोर बसवून दोन प्रश्न विचारायला हवेत. पण मग मंडळानेही राजधान्या आणि व्याख्या विचारण्यात वेळ दवडू नये.

एखादा मॉक जरूर द्या, खुर्चीत बसण्याची भीड मोडते. त्याहून जास्त देऊ नका. उरलेल्या पैशांत एसटीचं तिकीट काढून घरी जा. अर्जाची प्रत बरोबर न्या आणि वडिलांना, तलाठ्याला, आशाताईंना, सोसायटीच्या सचिवांना भेटा. अर्जातल्या ज्या ओळीवर तुम्हाला दहा मिनिटं बोलता येत नाही, तिथे खूण करून ठेवा. परत निघण्याआधी त्या खुणा तिथेच, त्या माणसांना विचारून, एकेक करून पुसायच्या आहेत.