सभामंडपाची किल्ली कोणाच्या हाती?

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घरोघरी घट बसतात, काळ्या मातीत सप्तधान्य पेरले जाते, नंदादीप उजळतो आणि नऊ दिवस आदिशक्तीचा जागर चालतो. नांदेड जिल्ह्याला तर हे पर्व विशेष जिव्हाळ्याचे. एका टोकास साडेतीन पीठांतील माहूरची रेणुकामाता. दुसऱ्या टोकास तेलंगणाच्या सीमेलगत धर्माबाद, आणि तेथून रेल्वेने पुढचेच स्थानक जे बासर, तेथे गोदातीरी ज्ञानसरस्वती विराजमान. मिरचीच्या बाजारपेठेसाठी नावाजलेल्या या धर्माबादेत मराठी घरांतील घट आणि तेलुगू घरांतील बतकम्माची फुले एकाच आळीत नांदतात. शक्तीची पूजा कशी करावी, हे येथील माताभगिनींना कोणी शिकवावयास नको.

परंतु या पुण्यपर्वातच एक व्यवहाराचा प्रश्न सूज्ञ वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते. आपल्या लहान गावांतून देवळाचा जो जुना सभामंडप असतो, तो राखते कोण, आणि त्याचे भवितव्य ठरविते कोण? पहिल्या प्रश्नाचे उत्तर गावातील शेंबडे पोरही देईल. पहाटे मंडप झाडून सडा घालणारी, उंबऱ्याशी रांगोळी रेखणारी, एकादशीस हरिपाठ म्हणणारी, कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत काकड्यास न चुकता येणारी, सप्ताहाच्या पंक्तीसाठी पीठ-डाळ गोळा करणारी ती स्त्रीच. महिला मंडळ म्हणा, भजनी मंडळ म्हणा, नाव काहीही असो. मंडपाला जाग असते ती त्यांच्यामुळे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र वेगळे आहे. जुना मंडप पाडून तेथे सिमेंटचा स्लॅब टाकावयाचा, असे पंचमंडळींच्या बैठकीत ठरते. आणि बायकांना ते कळते, तेव्हा पहिली कुदळ पडलेली असते.

सभामंडप म्हणजे गाभाऱ्यापुढची नुसती रिकामी जागा नव्हे. तो गावाचा दिवाणखाना होय. सोयरिकी तेथे जुळल्या, भांडणे तेथे मिटली, वाटसरूंनी तेथे पथारी टाकली. मराठवाड्यात तर या मंडपांस आणखी एक मोल आहे. निजामी राजवटीत १९२९ साली निघालेल्या गश्ती निशान ५३ ने पूर्वपरवानगीवाचून सार्वजनिक सभा भरविण्यास बंदी केली. जेथे सभा भरविणे गुन्हा, तेथे माणसांनी एकत्र यावे कसे? कीर्तन, प्रवचन, उत्सव यांच्या निमित्ताने जी माणसे जमत, ती बहुधा अशाच मंडपांतून. धर्माबादेशेजारच्या उमरी येथील बँकेवर ३० जानेवारी १९४८ रोजी मुक्तिसंग्रामाच्या सैनिकांनी जो छापा घातला, त्याची कथा या भागातील वृद्धांनी अशाच मंडपांच्या पायऱ्यांवर बसून नातवंडांना सांगितली. दगडी खांब बोलत नाहीत हे खरे. पण ते उभे असले म्हणजे बोलणाऱ्यांना आठवण राहते.

आता राखणे म्हणजे काय, तेही पाहू. आपल्याकडील कित्येक जुने मंडप सागवानी तुळयांवर माळवद घातलेले. मृगापूर्वी माळवदावर नवी पांढरी माती पसरावी लागते, उगवलेले गवत मुळासकट काढावे लागते, पन्हळी मोकळ्या कराव्या लागतात, तुळईच्या टोकाशी वाळवीची माती दिसली तर त्याच दिवशी खरवडावी लागते. यांपैकी एकही काम मोठ्या खर्चाचे नाही. प्रत्येक काम मात्र वेळच्या वेळी करण्याचे आहे. आणि वेळच्या वेळी करणे हा तर गृहिणीचा नित्यधर्मच. एक पावसाळा दुर्लक्ष झाले की तुळई भिजते, दोन पावसाळ्यांत कुजते, तिसऱ्यात वाकते. मग इमारत धोकादायक ठरते आणि वर्गणीची पावतीपुस्तके छापली जातात.

या वर्गणीतून जे उभे राहते, त्यास आपण जीर्णोद्धार म्हणतो. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. जीर्ण झालेल्याचा उद्धार, त्याचा निकाल नव्हे! घरातील वृद्धाची सेवा करावयाची म्हणजे त्यास बाजूस सारून त्याच्या जागी तरुण आणून बसवावयाचा, असे कोणी म्हणत नाही. देवळाच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो. चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतीस ओल आत घेण्याची आणि बाहेर टाकण्याची मुभा असते. तीवर ऑईल पेंटचे थर चढविले, खाली चकचकीत फरशी बसविली, सांध्यांत सिमेंट भरले की ती ओल कोंडते, भिंतीत वर चढते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. भक्ती निखळ असते, हेतू शुद्ध असतो, आणि तरीही देवाचे घर आजारी पडते.

याची जाणीव आता मोठ्या क्षेत्रांसही झाली आहे. पंढरपुरी २०२४ साली श्रीविठ्ठल मंदिराच्या गाभाऱ्यात नंतरच्या काळी बसविलेल्या फरश्या व आच्छादने काढून मूळचा दगड उघडा करण्यात आला, आणि त्या प्राचीन रूपाने वारकऱ्यांचे डोळे निवले. आपल्याच जिल्ह्यात देगलूर तालुक्यातील होट्टल येथे चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिराचे काम राज्याच्या पुरातत्त्व विभागाने हाती घेऊन ते सावरले. जे पंढरीस आणि होट्टलास शोभते, ते गावच्या मंडपास का शोभू नये?

येथे कोणी म्हणेल की, हे स्थापत्याचे प्रश्न. त्यांत स्त्रियांचा संबंध काय? अशांनी पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे स्मरण करावे. वेरूळचे घृष्णेश्वर, औंढ्याचे नागनाथ आणि परळीचे वैजनाथ, मराठवाड्यातील या तिन्ही ज्योतिर्लिंगांच्या जीर्णोद्धाराशी त्यांचे नाव निगडित आहे. १७६७ ते १७९५ या कारकिर्दीत त्यांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत मंदिरे, घाट, विहिरी व धर्मशाळा उभारल्या, हे सर्वज्ञात आहे. परंतु त्यामागील एक व्यवस्था फारशी कोणी ध्यानात घेत नाही. होळकरांच्या घराण्यात दौलतीपासून वेगळी अशी ‘खासगी’ होती. १७३४ साली ती गौतमाबाईंच्या नावे झाली आणि पुढे सुनेकडे, म्हणजे अहिल्यादेवींकडे आली. तिचे उत्पन्न वेगळे, तिचा हिशेब वेगळा, आणि खर्चाचा निर्णय स्त्रीचा. अहिल्यादेवींची भक्ती थोर होतीच; पण त्या भक्तीच्या हाती तिजोरीची किल्लीही होती, म्हणून देवळे उभी राहिली. भक्ती बायकांकडे आणि किल्ली पुरुषांकडे, अशी वाटणी त्या काळी असती, तर इतिहास निराळा झाला असता.

दूरदेशीचे एक उदाहरणही उद्बोधक आहे. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचे माउंट व्हर्नन हे घर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मोडकळीस आले होते आणि शासन ते घेण्यास तयार नव्हते. तेव्हा १८५३ साली ॲन पामेला कनिंगहॅम या बाईंनी स्त्रियांची संस्था स्थापन केली, प्रांतोप्रांतीच्या भगिनींकडून निधी जमविला आणि १८५८ मध्ये दोन लक्ष डॉलरना ते घर खरेदी करण्याचा करार केला. त्या देशात स्त्रियांना देशव्यापी मताधिकार मिळाला तो १९२० साली! मत देण्याचा अधिकार नसलेल्या स्त्रियांनी राष्ट्राचा ठेवा राखला, आणि आजही तीच संस्था तो सांभाळीत आहे. आपल्याकडेही १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यास सेवासदनाचा प्रारंभ केला, तो रानड्यांच्या वाड्यातच. जुन्या वास्तूला नवे कार्य मिळाले की ती जगते, हा धडा त्यातूनही मिळतो.

जुने ते सारेच राखावे, असा आमचा हट्ट नाही. छत खरोखर कोसळण्याच्या बेतात असेल, तर माणसाचा जीव प्रथम. महिलांना निर्णय दिला म्हणजे चूक होणारच नाही, असेही आम्ही म्हणत नाही. चकचकीत फरशीचा मोह बायकांनाही पडतो. आमचे म्हणणे इतकेच की, ज्या हातांना मंडपाची कोठली फट कोठे गळते हे ठाऊक आहे, त्या हातांवाचून निर्णय होऊ नये. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांतून २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. नगरपरिषदेचा कारभार पाहणारी भगिनी देवळाच्या विश्वस्त मंडळात का नसावी? बचत गटाचा पैन् पै हिशेब चोख ठेवणाऱ्या बायांना मंडपाचा जमाखर्च जड जाईल काय? १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात स्त्रीने विश्वस्त होण्यास कोठलीही आडकाठी नाही. आडकाठी आहे ती आपल्या सवयीत.

म्हणून धर्माबादेतील आणि पंचक्रोशीतील विश्वस्त मंडळींस आमची नम्र विनंती अशी की, यंदाच्या विजयादशमीस सीमोल्लंघन करावयाचे ते याच सवयीचे करावे. विश्वस्तांची जागा रिकामी होईल तेव्हा मंडपात नित्य राबणाऱ्या मंडळातील भगिनीस ती सन्मानाने द्यावी, आणि तसा बदल अहवाल धर्मादाय कार्यालयात रीतसर नोंदवावा. मंडपाच्या देखभालीचा निधी निराळा ठेवून तो महिला मंडळाच्या हाती सोपवावा. ती आपल्या गावची ‘खासगी’ होईल. आणि जुन्या कामास हात घालण्यापूर्वी जाणत्याकडून पाहणी करवून घेऊन, मापे व छायाचित्रे घेतल्यावाचून एकही दगड हलवू नये. माताभगिनींनीही ‘आम्हांस त्यातले काय कळते?’ असे म्हणून मागे सरू नये. कळते म्हणूनच तर मंडप आजवर उभा आहे.

घटातील अंकुर नवव्या दिवशी वीतभर होतात, ते काही एका दिवसाच्या पाण्याने नव्हे. रोज थोडे, पण न चुकता घातलेल्या पाण्याचा तो प्रताप. वास्तू राखण्याचे व्रतही असेच आहे, आणि ते जिने आजवर निमूटपणे चालविले, तिच्या हाती आता किल्ली द्यावी. जगदंबेच्या उत्सवात तिच्या लेकींचा याहून उचित गौरव दुसरा कोणता?