लेकरू कोणाच्या भरवशावर?

कापसाची वेचणी असो की ज्वारीची काढणी, बाई रानात गेली की लेकरू कोण पाहणार, याचे उत्तर बेंबळीच्या शिवारात घरागणिक वेगळे आहे. एकत्र कुटुंबात आजी असते. नोकरदार फी भरून बालवाडीत घालतो. वाटणी झालेला पाच एकरवाला आणि शेतमजूर, या दोघांना मात्र अंगणवाडीचाच आधार; आणि ती दुपारीच बंद होते. वेचणी चालते दिवस मावळेपर्यंत. तीन वर्षांच्या आतल्याला तर सहसा तिथे ठेवून घेत नाहीत, घरी नेण्यासाठी आहार तेवढा मिळतो. मग थोरल्या मुलीची शाळा बुडते, नाहीतर तान्हे बांधावरच्या झोळीत. वेचणीची मजुरी किलोवर. लेकरासाठी चारदा उठणारीचा कापूस कमी भरतो; म्हणजे सांभाळण्याचा खर्च तिच्याच मजुरीतून जातो.

रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात सोय लिहिलेली होती: सहा वर्षांखालची पाच मुले कामावर आली, तर एका बाईला पूर्ण मजुरी देऊन त्यांच्यापाशी बसवायचे. खाजगी रानाला तो नियम नव्हता.

आम्ही म्हणतो, टोळीतली एक बाई झाडाखाली मुलांपाशी बसवा, मजुरी मालकाने द्यावी. कोरडवाहूवाला विचारील, आणू कुठून? रास्त प्रश्न आहे. कृषी मूल्य आयोग घरच्यांची रानातली मजुरी खर्चात धरतो, लेकरू सांभाळणारीची धरत नाही. ती धरावी आणि वेचणीच्या हंगामात अंगणवाडी संध्याकाळपर्यंत उघडी राहावी, असे दोन ठराव जिल्हा बैठकीत मांडणार आहोत. बैठकीला बायांना घेऊन या, लेकरांसकट.