वंदना म्हणणाऱ्या आईला अंधश्रद्ध ठरवणारे आम्ही कोण?

मागच्या महिन्यात उत्तर नागपुरातल्या एका वस्तीच्या विहारात आम्ही सिकलसेलची बैठक घेतली. एएस म्हणजे काय, एसएस म्हणजे काय, लग्नाआधी दोघांनीही रक्त का तपासायचे, सगळे सांगून झाले. शेवटी मागच्या रांगेतल्या एक मावशी बोलल्या. मुलगा १९ वर्षांचा, एसएस. कळा सुरू झाल्या की त्या मेणबत्ती लावतात, त्रिसरण-पंचशील म्हणतात, मग मोबाईलवर बोज्झंग परित्त लावून मुलाचे पाय चोळत बसतात. आमचा एक तरुण कार्यकर्ता ताडकन उठला. "मावशी, हे बंद करा. नवस बोलणे आणि हे, यात फरक काय? बाबासाहेबांनी हेच शिकवले का आपल्याला?" टाळ्या पडल्या. वाजवणाऱ्यांत आम्हीही होतो.

मावशी चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "बाबू, गोळी तर मी एक दिवस नाही चुकवली. पण रात्री दोन वाजता पोरगा तडफडते, तवा तुमचा दवाखाना कुठं राहते रे?"

उत्तर कोणाकडेच नव्हते. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढचा रक्तपुरवठा तुटतो. हाडे पिळून काढल्यासारखी दुखतात. हायड्रॉक्सीयुरिया नियमित घेतले तर कळा कमी होतात, पण अजिबात येणारच नाहीत अशी हमी नाही. विदर्भात हा आजार आदिवासींमध्ये आणि आपल्या बौद्ध समाजात मोठ्या प्रमाणात आहे, हे आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो. जन्मभराच्या या दुखण्यासोबत रात्र कशी काढायची, याबद्दल मात्र आमच्या पत्रकात एक ओळही नाही.

आमच्या त्या मित्राचा घोटाळा असा, की त्याने नवस आणि वंदना एकाच पोत्यात भरले. नवस हा व्यवहार आहे: तू पोराला बरे कर, मी तुला अमुक देईन. वंदनेत मागणेच नाही, कारण द्यायला वर कोणी बसलेला नाही. बुद्ध मार्ग दाखवणारे, चालायचे आपणच. आता रात्री दोन वाजता त्या आईच्या मनात "माझे पोर वाचू दे" हेही येत असेल. येऊ द्या की! २२ प्रतिज्ञांची परीक्षा घ्यायला आम्ही काय पर्यवेक्षक आहोत, तेही आजाऱ्याच्या उशाशी?

तिपिटकात गिरिमानंद सुत्त आहे. भिक्खू गिरिमानंद आजारी पडतो, तेव्हा बुद्ध आनंदाला त्याच्याकडे जाऊन दहा संज्ञा ऐकवायला सांगतात. सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टांत आहे. शरीराची वेदना हा पहिला बाण, तिच्या भीतीने मनाने स्वतःला मारून घेतलेला दुसरा. मावशींची वंदना हा दुसरा बाण अडवते. पहिला अडवायला गोळीच लागते, आणि ती त्यांनी चुकवलेली नाही. विनयात तर बुद्ध अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला आनंदासोबत स्वतः अंघोळ घालतात. उपदेश त्यानंतर करतात. आमच्या बैठकीत क्रम नेमका उलटा होता.

खरी लढाई दुसरीकडे आहे, आणि तिथे आमचा आवाज बसतो. महापरित्राणाचे पाणी पाजून सिकलसेल "काढून" देणारे आपल्यातही निघाले आहेत. शिबिराला बसा, गोळ्या सुटतील, असे सांगणारे आहेत. सर्वांत संताप आणणारे म्हणजे "मागच्या जन्माचे कर्म" सांगणारे. आई आणि वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस असण्याची शक्यता २५ टक्के. यात मागचा जन्म कुठून आला? गतजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये साफ नाकारला आहे. माणसाच्या दुःखाचा दोष त्याच्याच माथी मारून व्यवस्थेला मोकळे सोडणारा हा विचार चीवर नेसून आला म्हणून धम्म होत नाही. अशांना विहारात जाब विचारायला हिंमत लागते. एकट्या मावशीला गप्प करायला ती लागत नाही.

खुद्द बाबासाहेब कित्येक वर्षे मधुमेहाने पोखरले गेले होते. औषधे, डॉक्टर, पथ्य सगळे होते. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीचे वर्णन धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. नानकचंद रत्तू पाय चेपत होते आणि बाबासाहेब डोळे मिटून त्रिसरण गुणगुणत होते. मग त्यांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद उशाशी मागवले. उठून सांगाल का त्यांना, हे बंद करा म्हणून?

(एम.ए.ला समाजशास्त्रात 'धर्माची कार्ये' हा आमचा हमखास पाठ केलेला प्रश्न होता. मावशींच्या एका वाक्यापुढे ते सगळे उत्तर थिटे पडले.)

वंदनेने सरकारची जबाबदारी मात्र संपत नाही. राष्ट्रीय सिकलसेल मिशन २०२३ मध्ये सुरू झाले, २०४७ चे उद्दिष्ट ठेवून. मावशींच्या जवळच्या केंद्रात मात्र गोळ्या कधी असतात, कधी नसतात. २०१६ च्या कायद्याने सिकलसेल दिव्यांगत्वाच्या यादीत आला, पण त्याच कायद्यातल्या सरकारी नोकरीच्या ४ टक्के आरक्षणात रक्तविकारांना जागाच ठेवलेली नाही. इतर लाभांसाठीही बहुतेक ठिकाणी ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र मागतात. कळा नसलेल्या दिवशी तपासले तर मुलगा धडधाकट दिसतो, आणि टक्केवारी घसरते.

मावशींच्या मुलाचे प्रमाणपत्र दोनदा ४० च्या खाली आले आहे. येत्या मंगळवारी फेरतपासणी आहे. सकाळी आठला त्यांच्या घरून निघायचे, रांग दुपारपर्यंत चालते. त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोण कोण येणार, त्यांनी रविवारपर्यंत नावे कळवावीत. आमचे नाव पहिले लिहिले आहे.

जयभीम!