बॉनेटच्या कडीचे छिद्र हाही एक दस्तऐवज

१/ बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेडची मशीद खुदावंद खानाने १५८२ मध्ये उभारली. तिच्या भिंतीत कुणी सोयीसाठी नवे भोक पाडले, तर इतिहासप्रेमी तरुण संतापतील, आणि तो संताप रास्तच असेल. हेच तरुण व्हिंटेज मोटारींच्या मेळाव्यात मात्र चकचकीत नव्या कड्या पाहून हरखून जातात. दगडाला जो न्याय, तो पत्र्याला का नसावा?

२/ १९२०च्या दशकातील मोटारीचे बॉनेट म्हणजे आजच्यासारखे एकसंध झाकण नव्हे. मधोमध लांब बिजागरी, दोन्ही बाजूंना पंखांप्रमाणे उघडणारे पत्रे, आणि ते पत्रे खाली आवळून धरणाऱ्या स्प्रिंगच्या कड्या.

३/ १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली. सुटे भाग जहाजाने येत. त्यांना मोटारीचे रूप येथील कामगारांचे हात देत. त्या हातांची नावे कोणत्याही पोथीत नाहीत. एखाद्या जुन्या गाडीतील कडीचे छिद्र परदेशी नकाशाशी जुळत नसेल, तर ती शिवडीच्या कामगाराची खूण असू शकते, किंवा पुढच्या एखाद्या गॅरेजमधील मिस्त्रीची. ती बुजवून कॅटलॉगप्रमाणे ‘दुरुस्त’ करणे म्हणजे पुरावा पुसणे होय.

४/ बहुतेक चूक घाईत घडते. बॉनेट नीट बसत नाही, म्हणून कडी अर्धा इंच सरकवून नवे छिद्र पाडले जाते. वास्तविक दोष अनेकदा कडीत नसतोच. रेडिएटरची बैठक सरकलेली असते. म्हणून गाडी चाकांवर उभी असावी (जॅकवर असताना चासी किंचित वाकते), रेडिएटर सरळ करावा, पत्र्याखालची सुती पट्टी आधी बसवावी, कारण तिच्या जाडीने पत्रा उचलला जातो. फटी सर्वत्र सारख्या झाल्यावरच कडीला हात लावावा. स्प्रिंगचा ताण चारही ठिकाणी समान हवा: जास्त झाला तर कडेचा रंग उडतो, कमी पडला तर पत्रा खडखडतो. एवढे केल्यावर जुने छिद्र बहुधा आपोआप जुळते!

५/ भारताच्या २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातील गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. चासी, बॉडी शेल वा इंजिनात मोठा बदल चालत नाही. कडीचा उल्लेख त्यात नाही, आणि तो नसणेच योग्य. इतकी बारीक गोष्ट कायद्यावर सोपवली, तर मालकाची जबाबदारी उरतेच कोठे?

६/ झिजलेली कडी धावत्या गाडीत धोक्याची असते, हा आक्षेप खरा आहे. वाऱ्याने बॉनेट उघडले, तर चालकाला पुढचे काही दिसणार नाही. तेव्हा नवी कडी अवश्य बसवावी. पण जुन्याच छिद्रात. छिद्र रुंदावले असेल, तर ते वेल्डिंगने भरून त्याच जागी पुन्हा पाडावे. नव्या कडीच्या आतील बाजूस वर्ष कोरावे, आणि जुनी कडी चिठ्ठी बांधून गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावी.